रसनेचा विवेक

मराठी भाषेत ‘मुरणे’ हे मोठे अर्थगर्भ क्रियापद आहे. कैरीचे लोणचे बरणीत मुरते, मुरांबा पाकात मुरतो, पावसाचे पाणी जमिनीत मुरते, आणि रियाज गळ्यात मुरला म्हणजे त्या गायकास आपण मुरलेला गवई म्हणतो. या प्रत्येक मुरण्यात दोन गोष्टी समान असतात. बाहेरचे काहीतरी आत शिरते, आणि शिरण्यास वेळ लागतो. आच वाढवून एखादा पदार्थ लवकर शिजवता येतो. लवकर मुरवता मात्र येत नाही.

ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली पांढरी वाइन आणि तिचा आस्वाद हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील याची आम्हांस कल्पना आहे. ज्या समाजात दारूने कितीतरी संसार धुळीस मिळवले, त्या समाजातील धर्मगुरूने वाइनच्या चवीवर लेखणी चालवावी काय? ही शंका रास्त आहे, आणि तिला बगल देण्याचा आमचा विचार नाही. किंबहुना ती शंका आहे म्हणूनच हा लेख आहे. वाइनची भलावण करणे हा आमचा हेतू नव्हे. आमचा प्रश्न असा: एखाद्या चवीचे सूक्ष्म ज्ञान मिळवणे, तिच्यातील उत्तम कोणते आणि मध्यम कोणते हे ओळखण्यास जिभेला शिकवणे, याला मनुष्याच्या नैतिक जीवनात काही स्थान आहे काय? की ते निव्वळ जिभेचे चोचले?

हा प्रश्न आंब्याविषयी किंवा गाण्याविषयी विचारला असता तर उत्तर सोपे झाले असते. परंतु कसोटी लावायची तर ती जेथे मोह मोठा आणि ढोंगही मोठे तेथेच लावावी. वाइनच्या आस्वादाच्या नावाखाली जितके ढोंग चालते तितके क्वचितच अन्यत्र चालत असेल. शिवाय ख्रिस्ती माणसाला द्राक्षारस परका नाही. वेदीवर तो रोज असतो. तो द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा असा ख्रिस्तसभेचा नियम आहे. रंगाचे बंधन नाही, आणि वेदीवरील शुभ्र वस्त्रांवर डाग पडू नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी पांढराच वापरतात. तेव्हा या पेयाविषयी विचार करण्याचे टाळणे आपल्याला तरी शोभणारे नाही.

पिंपात काय घडते?

फ्रान्सच्या पूर्वेकडील बर्गंडी प्रांतात बोन नावाचे जुने शहर आहे, आणि त्याच्या दक्षिणेस काही किलोमीटरवर मर्सो हे गाव. येथील चुनखडीच्या उतारांवर शार्दोने जातीची द्राक्षे पिकतात. १०९८ साली स्थापन झालेल्या सितोच्या मठातील संन्याशांनी बर्गंडीत द्राक्षमळे जोपासले. प्रार्थना आणि श्रम ही त्यांच्या जीवनाची दोन चाके होती. आज मर्सोच्या पांढऱ्या वाइनचे नाव जगभर आदराने घेतले जाते.

लाल वाइन द्राक्षांच्या सालींसकट आंबवतात. पांढरीसाठी मात्र द्राक्षे दाबून केवळ रस घेतात. साल नसल्यामुळे तिच्या अंगी लाल वाइनचा तुरटपणा फारसा नसतो. म्हणून लाकूड तिला जे देते ते उघडे पडते. मसाला जास्त झाला तर तिखट रश्शात एकवेळ खपून जाईल, पण सोलकढीत खपणार नाही. पांढऱ्या वाइनला पिंपात मुरवणे हे कौशल्याचे काम आहे ते यामुळेच.

‘पिंप’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘पिपा’वरून आला. बर्गंडीतील पिंप २२८ लिटरचे असते. त्यातून सुमारे ३०० बाटल्या भरतात. ते ज्या ओकपासून बनते तो वृक्ष बहुधा दीडशे-दोनशे वर्षांचा असतो, आणि एका वृक्षातून जेमतेम दोन-तीन पिंपे निघतात. फ्रान्सच्या मध्यभागी त्राँसे नावाचे ओकचे प्रसिद्ध जंगल आहे. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने सतराव्या शतकात त्याची निगराणी लावून दिली, ती नौदलाच्या जहाजांना लाकूड मिळावे म्हणून. पुढे जहाजे लोखंडाची झाली आणि ओक पिंपांच्या कामी आले. ज्यांनी ती झाडे राखली त्यांच्या स्वप्नातही वाइन नव्हती. आपण ज्या सावलीत बसतो ती बहुधा दुसऱ्या कोणासाठी लावलेल्या झाडाची असते, हे येथेही खरे ठरते.

ते लाकूड धाग्याच्या दिशेने चिरतात, त्याच्या फळ्या दोन-तीन वर्षे ऊनपावसात उघड्यावर ठेवतात, आणि मग आगीच्या धगीवर वाकवून पिंप जोडतात. आगीने लाकडाचा आतला भाग भाजला जातो आणि त्यात सुवास जन्माला येतात. व्हॅनिलाचा जो गंध, त्याचे मूळ द्रव्य ओकमध्ये असते. लवंगेला जिच्यामुळे वास येतो ते युजेनॉलही असते. ओकमधील आणखी एक द्रव्य चक्क ओल्या खोबऱ्याची आठवण करून देते. नारळीच्या सावलीत वाढलेल्या आपल्या माणसाला हा गंध ओळखण्यास फ्रेंच गुरूची गरज पडू नये!

बर्गंडीत द्राक्षांचा रस पिंपातच आंबतो. आंबवण्याचे काम संपले की यीस्ट मरून तळाशी साचते. हा गाळ फेकून न देता वाइनला महिनोन् महिने त्याच्यावरच ठेवतात आणि अधूनमधून काठीने ढवळतात. त्याने वाइनला भरीवपणा येतो. त्याच काळात, दह्याच्या विरजणात असतात त्या जातकुळीचे जीवाणू हिरव्या सफरचंदासारख्या तीव्र आम्लाचे ताकाच्या सौम्य आम्लात रूपांतर करतात. लाकडाच्या छिद्रांतून अत्यल्प हवा आत येत राहते, आणि थोडी वाइन बाहेर उडून जाते. म्हणून पिंप वरचेवर काठोकाठ भरावे लागते. रिकामी जागा राहिली तर वाइन बिघडते. दहा ते अठरा महिने हा क्रम चालतो. ताडीमाडीशी याची तुलना करून पाहावी. माडी पहाटे गोड असते आणि सूर्य वर येता येता आंबट होते. काळ तिचा वैरी असतो. पिंपातील वाइनने काळाशी सलोखा केलेला असतो.

हा सलोखाही कायमचा नसतो. १९९५-९६ च्या हंगामांपासून बर्गंडीच्या कित्येक नामांकित पांढऱ्या वाइन, ज्या दहा-पंधरा वर्षे टिकाव्यात, त्या चार-सहा वर्षांतच तपकिरी व निःसत्त्व होऊ लागल्याचे आढळले. बुचे, द्राक्षे दाबण्याच्या पद्धती, संरक्षक गंधकाचे कमी केलेले प्रमाण अशा अनेक कारणांकडे बोट दाखवले गेले; एकच एक कारण पुढे आले नाही. काळ हा कोणाचा गडी नव्हे, हे निष्णात कारागिरांनाही पुन्हा शिकावे लागले.

चाखण्याची शिस्त

अशी वाइन चाखायची कशी? प्रथम ती बर्फासारखी गार असू नये. फ्रिजमधून काढल्याबरोबर तिचा गंध गोठलेला असतो. बारा-तेरा अंश तापमानाला तो उमलतो. पेला एक-तृतीयांशच भरावा, म्हणजे गंधाला जागा राहते. पांढऱ्या कापडावर पेला तिरपा धरून रंग पाहावा. तरुण वाइन फिक्या गवतासारखी दिसते, मुरलेली सोनेरी. मग पेला न हलवता एकदा वास घ्यावा, हलवून पुन्हा घ्यावा. नंतर लहानसा घोट तोंडात धरावा आणि ओठांतून किंचित हवा आत ओढावी. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीचे सर्व घशामागून नाकाला कळते. सर्दी झाली की जेवण बेचव का लागते, याचे उत्तर यातच आहे.

या घोटात काय शोधायचे? लाकूड शोधायचे, असे नवशिक्याला वाटते. वस्तुतः ओकचा वास सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने आला तर ते काम फसले असे समजावे. गेल्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्निया येथील कित्येक शार्दोने वाइनमध्ये ओकचा अतिरेक झाला, आणि लोक त्या चवीला विटून शार्दोनेचेच नाव टाळू लागले. चांगल्या वाइनमध्ये लाकूड, लोणी, फळ आणि आंबटपणा वेगवेगळे बोलत नाहीत. घोट संपल्यावरही चव किती क्षण रेंगाळते हे जाणकार मोजतात, आणि त्या रेंगाळण्यात ओक फळाला आधार देतो की फळाला झाकून टाकतो हे पाहतात.

ओकच्या चकत्या किंवा तुकडे वाइनमध्ये बुडवून तो सुवास आणण्याची युक्तीही आहे. २००६ साली युरोपीय संघाने तिला मुभा दिली. स्वस्त वाइन पिणाऱ्याने ती जाणूनबुजून घेतली तर त्यात पाप नाही. परंतु तुकडे सुवास देतात. पिंपातून झिरपणारी हवा आणि महिन्यांचा संयम ते देत नाहीत. लावलेले आणि मुरलेले यांतला फरक जिभेला कळतो काय? थोड्या अभ्यासाने कळतो. रियाजाविना उचललेल्या हरकती आणि गळ्यात मुरलेले गाणे यांतला फरक जसा श्रोत्याला कळतो, तसा.

आणि शेवटची गोष्ट. धंदेवाईक परीक्षक घोट गिळत नाहीत. जवळ ठेवलेल्या भांड्यात थुंकतात. एका बैठकीत तीस-चाळीस वाइन तपासायच्या तर याला पर्याय नसतो. वाचकांनी या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे लक्ष द्यावे. आमच्या विवेचनाला ती पुढे उपयोगी पडणार आहे.

चवीत सत्य असते काय?

आता पहिला आक्षेप घेऊ. ‘आवड ज्याची त्याची, त्यात खरेखोटे ते काय? सुवासांच्या या याद्या म्हणजे शब्दांचे फुगे.’ हा आक्षेप थोरामोठ्यांनी घेतलेला आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९० मध्ये सौंदर्यविषयक निर्णयांची चिकित्सा करताना कॅनरी बेटांच्या वाइनचेच उदाहरण घेतले. ती सुखद आहे असे न म्हणता, ती मला सुखद वाटते असे म्हणावे, असा त्याचा अभिप्राय. सुंदर या शब्दाने आपण इतरांच्या संमतीची अपेक्षा धरतो. सुखद या शब्दाने तशी धरता येत नाही.

त्याच्या आधी १७५७ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने वेगळी बाजू मांडली होती, आणि त्यासाठी त्याने सर्व्हांटीसच्या ‘डॉन किहोटे’मधील एक गोष्ट उचलली. सांचो पांझाच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातील वाइन पारखण्यास सांगितले. एक म्हणाला, उत्तम आहे, पण चामड्याची किंचित चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची लागते. दोघांचीही टवाळी झाली. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली जुनी किल्ली सापडली. ह्यूम स्वतः धार्मिक नव्हता. पण या गोष्टीत त्याने जे पाहिले ते आम्हांस पटते. चव ही चाखणाऱ्याच्या मनातच असती, तर तळाशी किल्ली सापडली नसती.

यावर आधुनिक काळातील एक प्रयोग पुढे केला जातो. २००१ साली फ्रान्समधील संशोधकांनी बोर्दो येथील वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली, आणि तीच वाइन वासाने न कळणारा लाल रंग घालून पुन्हा ठेवली. लाल दिसणाऱ्या पेल्याचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. ‘पाहा, सगळे थोतांड!’ असे अनेकांनी म्हटले. आम्ही तसे म्हणणार नाही. रानात माणसाला चकवा लागतो, तो वाट नसते म्हणून नव्हे. डोळ्याने जिभेवर मात केली, इतकेच या प्रयोगाने दाखवले. फसगत होऊ शकते, याचा अर्थच असा की ओळखण्यासारखे काहीतरी तेथे आहे.

म्हणून तर प्रामाणिक परीक्षा बाटली झाकून घेतात. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परिअर या इंग्रज व्यापाऱ्याने अशी परीक्षा ठेवली. पांढऱ्या वाइनमध्ये बर्गंडीच्या ४ आणि कॅलिफोर्नियाच्या ६ होत्या; परीक्षक नामवंत फ्रेंच. निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक कॅलिफोर्नियातील शातो माँटेलेना येथील १९७३ च्या शार्दोनेला मिळाला होता. मर्सोची एक वाइन दुसरी आली. परीक्षा चालू असताना एका परीक्षकाने कॅलिफोर्नियाचाच पेला हाती घेऊन, आता आपण फ्रान्समध्ये परतलो, अशा अर्थाचे उद्गार काढल्याची नोंद आहे! लेबल झाकले गेले तेव्हा जिभेने सत्य सांगितले. अभिमानाला मात्र ते ऐकवेना.

काना गावच्या लग्नातील भोजनकारभारी आम्हांस येथे आठवतो. पाण्याचा द्राक्षारस झालेला त्याने चाखला. तो कोठून आला हे चाकरांना ठाऊक होते, त्याला नव्हते. त्याच्यापुढे लेबल नव्हते, चमत्काराची वार्ताही नव्हती. केवळ जिभेच्या साक्षीवर त्याने वराला बोलावून स्पष्ट सांगितले की चांगला द्राक्षारस मागाहून आला आहे. प्रभूच्या पहिल्या चिन्हाची पारख करणारा हा मनुष्य शिष्य नव्हता, संदेष्टा नव्हता. आपल्या कामात चोख असलेला एक आस्वादक होता. चव जर केवळ लहर असती, तर त्याच्या साक्षीला काय मोल राहिले असते?

आपल्या परंपरेलाही हे नवीन नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून देताना जेवणाचाच दृष्टांत घेतला आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा आस्वाद घेणाऱ्याला त्यांनी ‘सुमनस’ म्हटले. ज्याचे मन चांगले, तयार, शांत आहे तो. आस्वादाला जीभ पुरत नाही, मन लागते. येथे चवीचा प्रश्न नीतीच्या उंबरठ्याशी येऊन थांबतो.

एका भगिनीचा प्रश्न

हे विचार आम्ही एकदा धर्मग्रामातील अभ्यासमंडळात मांडले होते. सर्वांचे बोलून झाल्यावर मागच्या बाकावरील एक विधवा भगिनी उठल्या. त्यांचे पती दारूपायी ऐन चाळिशीत गेले होते. त्यांनी विचारले, “फादर, आमचे हे चव घेऊन प्याले असते तर वाचले असते का?”

या प्रश्नापुढे कांट आणि ह्यूम दोघेही गप्प बसतात. त्याचे प्रामाणिक उत्तर एकच आहे: नाही. जाणकारीचे चिलखत अभेद्य नसते. मोठमोठे पारखी व्यसनात बुडाले आहेत, आणि वाइनचा पेला कितीही सुंदर असला तरी त्यातील अल्कोहोल ते गुत्त्यातील पेल्यातलेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, आणि आरोग्याला निश्चित सुरक्षित म्हणावे असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे त्या संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्र शासनाचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आले. त्यानंतर नाशिक परिसरात वाइनचे कारखाने वाढले, आपल्या राज्यातही काही पांढऱ्या वाइन ओकच्या पिंपांत मुरू लागल्या, आणि आपली तरुण मंडळी सुटीच्या दिवशी तेथील चाखण्याच्या दालनांत जाऊ लागली. ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य त्यांच्या तोंडी आम्ही ऐकतो. ते खरे नाही. वाइन ही दारूच आहे. संस्कृतीची झूल पांघरून विषाचे अमृत होत नाही.

मग चाखण्याच्या कलेचे समर्थन उरते कोठे? संत थॉमस अक्वायनस येथे आम्हांस वाट दाखवतात. तेराव्या शतकातील या धर्मपंडिताने इंद्रियसुखाच्या अतिरेकाला दोष मानले, यात नवल नाही. नवल हे की सुखाविषयीच्या बधिरपणालाही त्याने दोषच मानले. देवाने निर्मिलेल्या वस्तूंतील गोडी कळूच नये, असा हट्ट धरणे त्याला मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध वाटले. मद्याच्या बाबतीतील संयमाला मात्र त्याने वेगळा सद्गुण मानून स्वतंत्र स्थान दिले. कारण इतर सुखांच्या अतिरेकाने माणूस लोभी किंवा आळशी होतो. मद्य त्याच्या विवेकशक्तीवरच घाला घालते. आणि पुढे तो सांगतो: द्राक्षारस स्वतः निषिद्ध नाही, परंतु ज्याला तो चटकन बाधतो त्याला, ज्याने तो न घेण्याचे व्रत घेतले आहे त्याला, जो मर्यादा ओलांडतो त्याला, आणि ज्याच्या पिण्याने दुसरा अडखळतो त्याला तो निषिद्ध होतो.

या विचाराच्या उजेडात त्या भगिनीच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर दिसते. चाखणे आणि पिणे ही एकाच रस्त्यावरची दोन ठिकाणे नव्हेत. त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. चाखणे ही जाणण्याची क्रिया आहे. तिला सावध मन लागते, स्मरण लागते, समोरची वस्तू स्वतःविषयी जे सांगेल ते ऐकण्याची नम्रता लागते. नशा ही न जाणण्याची क्रिया आहे. व्यसनी मनुष्य चवीसाठी पीत नाही. चव तर त्याने सर्वांत आधी गमावलेली असते. त्याला पेल्यात काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. पेल्याबाहेरचे जग विसरण्याशी असते. म्हणून परीक्षकाच्या शेजारचे ते थुंकण्याचे भांडे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. ज्याला वाइन सर्वांत चांगली कळते, तो ती न गिळता परत देऊ शकतो. जेथे ज्ञान पुरे होते तेथे उपभोग थांबू शकतो, याचा तो साधा पुरावा आहे.

यातूनच उलटी कसोटीही निघते. जो पेला खाली ठेवू शकत नाही, तो कितीही सुवास ओळखो, कितीही गावांची नावे घेवो, तो चाखत नाही. तो पीत आहे. आणि जो लेबल पाहून आधी किंमत सांगतो आणि मग चव सांगतो, त्याच्याही पेल्यात वाइन नसून त्याचाच अहंकार असतो. बर्गंडीची एखादी बाटली मजुराच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतक्या किमतीला विकली जाते. ती विकत घेऊन मिरवणे आणि तिच्यातील दीडशे वर्षांच्या झाडाला, दीड वर्षाच्या श्रमाला क्षणभर स्तब्ध होऊन दाद देणे, या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीला रसिकता म्हणू नये.

पेला खाली ठेवणे

ज्यांना हा मार्गच बंद आहे त्यांचे काय? ज्याच्या घरात व्यसनाने प्रवेश केला आहे, जो व्यसनातून मोठ्या कष्टाने बाहेर आला आहे, ज्याचे शरीर ते सोसत नाही, त्याच्यासाठी ही कला नाही. आणि ती नसल्याने तो काही उणा होत नाही. ख्रिस्तसभेने वेदीवरही ही जाणीव ठेवली आहे. मद्याच्या व्यसनाने किंवा आजाराने द्राक्षारस घेऊ न शकणाऱ्या धर्मगुरूला बिशपांच्या परवानगीने, नाममात्र आंबलेला द्राक्षांचा ताजा रस वापरता येतो. विश्वासविषयक मंडळाने २००३ साली याचे नियम पुन्हा स्पष्ट केले. जेथे प्रभूचे रक्त अर्पण होते तेथे दुबळ्या भावासाठी वाट काढली जाते, तर आपल्या लग्नाच्या मांडवात ती का काढली जाऊ नये? ज्या पंगतीत एक जण व्यसनाशी झुंजत आहे, त्या पंगतीत उरलेल्या सर्वांनी पेले बाजूला ठेवले तर काही बिघडत नाही. संत पौलाने रोमकरांना हेच शिकवले होते.

मर्सोजवळच्या बोन शहराचा इतिहास येथे आठवण्याजोगा आहे. शंभर वर्षांच्या युद्धाने तो मुलूख होरपळला होता तेव्हा, १४४३ साली, बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन यांनी तेथे गोरगरिबांसाठी रुग्णालय उभारले. पुढे शतकानुशतके दानशूरांनी त्याला द्राक्षमळे अर्पण केले. १८५९ पासून दर नोव्हेंबरमध्ये त्या मळ्यांच्या नव्या वाइनचा पिंपागणिक लिलाव होतो आणि त्याचे उत्पन्न रुग्णसेवेला जाते. लिलावात चढाओढ होते, मिरवामिरवही होतेच. तरीही ज्या पिंपात उद्याची उंची चव मुरायची असते, त्याच पिंपाच्या पैशातून कोणा आजाऱ्याचे औषधपाणी होते.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देऊ. चवीचे ज्ञान हे खरे ज्ञान आहे, आणि ते मिळवण्यात पाप नाही. ईश्वराने आपल्याला जीभ केवळ बोलण्यासाठी दिलेली नाही. परंतु ते ज्ञान आहे की चोचले आहेत, हे पेला उचलताना ठरत नाही. समोर बसलेल्याच्या डोळ्यांत भीती दिसताच तो पेला खाली ठेवता येतो की नाही, यावर ठरते. त्या भगिनीला आम्ही एवढेच सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या महिन्यात त्यांच्या थोरल्या मुलाचे लग्न झाले, तेव्हा पंगतीत कोकमाचे सरबत होते. ते चांगले मुरलेले होते, आणि आम्ही ते सावकाश, चव घेत प्यालो.